‘आली’ की ‘आणली’? : भांडवलशाहीच्या आरंभकथा आणि तिचे टीकाकार

१

मराठीतील वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांत आणि विद्यापीठीय प्रबंधांत एका विशिष्ट घाटाचे वाक्य वारंवार भेटते. इंग्रजी अमलाबरोबर यंत्रे आली, रेल्वे आली, शहरे वाढली, भांडवलशाही आली आणि जुनी समाजव्यवस्था मोडकळीस आली; या पार्श्वभूमीवर अमुक लेखकाचे साहित्य वाचले पाहिजे, अशा अर्थाचे ते असते. त्यातली माहिती सर्वस्वी चुकीची असते असे नाही. परंतु त्यातली क्रियापदे लक्षपूर्वक पाहिली तर ती सगळीच अकर्मक आहेत असे दिसेल. पाऊस येतो, पूर येतो, साथ येते. तशीच भांडवलशाही येते. तिला कोणी आणले, कोणत्या कायद्याने आणले, कोणाच्या जमिनीवरून आणले, हे प्रश्न त्या वाक्यरचनेत उपस्थितच होऊ शकत नाहीत. पुढे त्याच प्रबंधात मार्क्सचे, फुल्यांचे, आंबेडकरांचे नाव भांडवलशाहीचे टीकाकार म्हणून येते, तेव्हा पेच निर्माण होतो. जिचा आरंभ निसर्गघटनेसारखा सांगितला, तिच्यावर टीका करायची म्हणजे नेमके काय करायचे? पावसावर टीका करता येत नाही; फार तर आसरा शोधता येतो.

भांडवलशाहीवरील टीकेचे स्वरूप तिच्या आरंभाची कथा कशी सांगितली जाते यावरून पुष्कळसे ठरते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. आरंभ कोठे मानला, कर्ता कोण मानला आणि आरंभापूर्वीची स्थिती कशी रंगवली, या तीन गोष्टींतच टीकेची दिशा आणि मर्यादा दडलेली असते. म्हणून हा प्रश्न जितका आर्थिक इतिहासाचा आहे तितकाच कथनमीमांसेचाही आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने तो अर्थशास्त्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याचे कारण नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. युरोपीय भाषांत ‘कॅपिटॅलिझम’ हा शब्द त्या व्यवस्थेच्या पुरस्कर्त्यांनी नव्हे, विरोधकांनी रूढ केला. लुई ब्लांसारख्या फ्रेंच समाजवाद्यांनी तो १८५० च्या सुमारास या अर्थाने वापरला. खुद्द मार्क्स ‘भांडवली उत्पादनपद्धती’ असे म्हणणे पसंत करीत असे. त्याच्या लेखनात हा शब्द जवळजवळ आढळतच नाही. वेर्नर झोम्बार्टचा ग्रंथ १९०२ साली आला आणि त्यानंतरच तो विद्वत्तेच्या भाषेत स्थिरावला. म्हणजे टीका आधी आणि नाव तिच्या पोटी, असा हा क्रम आहे. मराठी शब्दाने या नावात आणखी एक अर्थ घातला. हिंदीने ‘पूंजीवाद’ म्हटले, मराठीने ‘भांडवलशाही’. समाजवाद, साम्यवाद, उदारमतवाद हे आपल्याकडे ‘वाद’ आहेत. भांडवलाला मात्र आपण निजामशाही, सरंजामशाही, नोकरशाही, हुकूमशाही यांच्या पंगतीला बसवले. ‘वाद’ पटतो किंवा पटत नाही. ‘शाही’खाली राहावे लागते. ‘शाही’ म्हटले की तिला तख्त असते, अंमलदार असतात, वसुली असते आणि ती कोणीतरी केव्हातरी स्थापन केलेली असते. मराठी भाषेने नामात जे सांगून ठेवले ते आपल्या वाक्यांतील ‘आली’ या क्रियापदाने पुसून टाकले, असे म्हणता येईल.

२

आरंभकथेचा पहिला प्रकार अ‍ॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ (१७७६) या ग्रंथात सापडतो. स्मिथच्या मते देवघेव आणि अदलाबदल करण्याची प्रवृत्ती मनुष्यस्वभावातच आहे. तिच्यातून श्रमविभागणी येते. श्रमविभागणीसाठी काही साठा आधी जमलेला असावा लागतो. तो साठा ज्यांनी काटकसरीने जमवला ते इतरांना कामाला लावू शकतात. या कथेला खरे तर आरंभच नाही. जे बीजरूपाने मनुष्यमात्रात होते ते अडथळे दूर होताच वाढले, एवढेच ती सांगते. स्मिथ भांडवलाचा भाट होता असे मानण्याचे कारण नाही. व्यापारी एकत्र जमले की ग्राहकांविरुद्ध कट शिजतो, एकच क्रिया जन्मभर करणारा मजूर बुद्धीने खुरटतो, ईस्ट इंडिया कंपनीसारखी व्यापारी मंडळी राज्यकर्ती झाली की प्रजेचे वाटोळे होते, ही निरीक्षणे त्याचीच आहेत. परंतु त्याची टीका विकृतीवरची आहे, प्रकृतीवरची नाही. आरंभ नैसर्गिक मानल्यामुळे टीकेला ‘अतिरेक टाळा’ यापलीकडे जाता येत नाही.

‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडाच्या (१८६७) शेवटी मार्क्स ‘तथाकथित आद्य संचया’कडे वळतो, तेव्हा तो प्रथम याच कथेचे विडंबन करतो. फार पूर्वी एका बाजूला उद्योगी, काटकसरी, शहाणी माणसे होती आणि दुसऱ्या बाजूला आळशी व उधळी; पहिल्यांनी साठवले, दुसऱ्यांपाशी विकायला स्वतःच्या कातडीखेरीज काही उरले नाही. ही कथा अर्थशास्त्रात जे काम करते ते धर्मशास्त्रात आदिपापाची कथा करते, असे तो सुचवतो. मार्क्सचा हा घाव आशयापेक्षा साहित्यप्रकारावर आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. अर्थशास्त्राने ज्याला इतिहास म्हटले ती बालबोध बोधकथा आहे, असे तो दाखवतो आणि तिच्या जागी कागदपत्रांचा इतिहास ठेवतो. त्यात सामाईक जमिनींना घातलेली कुंपणे, पार्लमेंटचे कायदे, भटक्यांना फटके मारण्याची फर्माने, वसाहतींतील लूट आणि गुलामांचा व्यापार आहे. सदरलंडच्या डचेसचे उदाहरण तो आकड्यांनिशी देतो. १८१४ ते १८२० या काळात सुमारे ३,००० कुटुंबांतील १५,००० माणसे तिच्या जहागिरीतून हुसकून लावली गेली आणि १८२५ पर्यंत त्यांच्या जागी १,३१,००० मेंढ्या चरू लागल्या. या वृत्तान्तात एकही क्रियापद अकर्मक नाही. गावे ‘ओस पडली’ नाहीत. ती जाळली गेली आणि जाळणाऱ्यांची नावे ज्ञात आहेत.

या भागाचा शेवट मार्क्स एका जवळजवळ विनोदी आख्यायिकेने करतो. पील नावाचा एक गृहस्थ ऑस्ट्रेलियातील स्वान नदीच्या वसाहतीत ५०,००० पौंडांची सामग्री आणि कामकरी माणसे घेऊन गेला. तेथे पोचल्यावर त्याचे अंथरूण घालायला किंवा नदीवरून पाणी आणायलाही कोणी उरले नाही, कारण जमीन मुबलक होती आणि माणसे आपापल्या वाटेने निघून गेली. पीलने सर्व काही बरोबर नेले होते. इंग्लंडातील उत्पादनसंबंध तेवढे न्यायचे राहिले होते. भांडवल म्हणजे वस्तूंचा ढीग नव्हे, माणसामाणसांतला संबंध, हा सिद्धान्त शेकडो पानांच्या विवेचनानंतर या कथेत मूर्त होतो. मार्क्सच्या टीकेचे बळ तिच्या गणितात जितके आहे तितकेच अशा कथनात आहे.

३

तथापि मार्क्सलाही ‘आली’चा मोह सुटलेला नव्हता. मुंबई आणि ठाणे यांच्यामध्ये पहिली आगगाडी १८५३ च्या एप्रिलमध्ये धावली. त्याच वर्षी जून ते ऑगस्टच्या दरम्यान ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये मार्क्सने हिंदुस्थानविषयी लेख लिहिले. इंग्रजांच्या स्वार्थाबद्दल आणि क्रौर्याबद्दल त्यांत संशय ठेवलेला नाही. पण इंग्रज हे इतिहासाचे अजाण साधन आहेत, असे त्यात म्हटले आहे. एकदा ‘इतिहास’ हा कर्ता झाला की माणसे केवळ करण होतात. रेल्वेतून उद्भवणारे आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी विरघळवून टाकतील आणि तिच्यावर उभ्या असलेल्या जातीही जातील, असे भाकितही त्याने त्याच लेखमालेत केले. त्या भाकिताकडे पुढे परत यावे लागेल.

मार्क्सच्याच लेखनात याला दोन छेद आहेत, एक आधीचा आणि एक नंतरचा. १८४२ साली, चोविसाव्या वर्षी, ‘ऱ्हाइनिशे त्साइटुंग’ या पत्रात त्याने लाकूडचोरीच्या कायद्यावर लिहिले. रानात पडलेल्या काटक्या गोळा करणे हा गरिबांचा पूर्वापार हक्क होता. ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात त्याला चोरी ठरवण्याची चर्चा चालली होती. एका शब्दाची व्याख्या बदलली की सरपण गोळा करणारी म्हातारी गुन्हेगार होते, हे त्याने तेथे दाखवले. आर्थिक प्रश्नांकडे आपण प्रथम या प्रकरणामुळे वळलो, असे त्याने १८५९ च्या एका प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे भांडवलशाहीच्या सर्वांत मोठ्या टीकाकाराचा आरंभ गिरणीत झाला नाही. तो रानात, एका कायदेशीर शब्दाच्या वाचनात झाला.

दुसरा छेद १८८१ चा. रशियातील ग्रामसमूह नष्ट होणे अटळ आहे काय, असे व्हेरा झासुलिच हिने पत्राने विचारले. मार्क्सने उत्तराचे अनेक मसुदे केले आणि अखेरीस लहानसे पत्र पाठवले. ‘कॅपिटल’मध्ये वर्णिलेल्या प्रक्रियेची ऐतिहासिक अटळता आपण पश्चिम युरोपातील देशांपुरतीच मर्यादित ठेवली आहे, असे त्याने त्यात स्पष्ट केले. १८५३ चा आणि १८८१ चा मार्क्स यांच्यातील हे अंतर आपल्या चर्चेत पुरेसे आलेले नाही. आपल्याकडील बरेचसे मार्क्सवादी समीक्षालेखन १८५३ च्या लेखांवर पोसले गेले आणि त्यामुळेच ‘आली’ हे क्रियापद पुरोगामी लेखनातही निर्वेधपणे नांदले.

४

कार्ल पोलान्यीचा ‘द ग्रेट ट्रान्स्फर्मेशन’ (१९४४) हा ग्रंथ स्मिथची कथा पुरती उलटी करतो. त्याच्या मते देवघेवीची वृत्ती आणि बाजारपेठा सर्वत्र होत्या. पण समाजाचे सगळे व्यवहार बाजाराच्या ताब्यात देणारी व्यवस्था ही एकोणिसाव्या शतकातली अपूर्व घटना होती आणि ती राज्यसंस्थेने बुद्ध्या घडवली. १७९५ साली स्पीनहॅमलँड येथे न्यायाधीशांनी भाकरीच्या दराशी मजुरीचा मेळ घालणारी मदत सुरू केली. १८३४ च्या दारिद्र्यविषयक कायद्याने अशी मदत काढून घेऊन माणसांना श्रमाच्या बाजारात ढकलले. श्रम, जमीन आणि पैसा या खरे तर विक्रीसाठी निर्माण झालेल्या वस्तू नव्हेत. त्यांना क्रयवस्तू मानणे ही कल्पित कथाच आहे, पण ती खरी मानून कायदे झाले. बाजाराचा विस्तार आणि समाजाचा आत्मरक्षणार्थ प्रतिकार अशा दुहेरी हालचालीने तो पुढचे शतक समजावून घेतो. निर्बंधमुक्त बाजार योजनापूर्वक आणला गेला आणि त्याला झालेला प्रतिकार मात्र उत्स्फूर्त होता, हा त्याचा निष्कर्ष ‘आणली’ या क्रियापदाच्या बाजूने दिलेला कदाचित सर्वांत ठाम कौल आहे.

याच प्रश्नाला रॉबर्ट ब्रेनर यांनी १९७६ च्या आपल्या निबंधात आणि पुढे एलेन मेक्सिन्स वुड यांनी ‘द ओरिजिन ऑफ कॅपिटॅलिझम’ (१९९९) या पुस्तकात वेगळी धार दिली. वुड यांचा आक्षेप नेमका कथनावर आहे. भांडवलशाहीचे बहुतेक इतिहास तिचे अस्तित्व आधीच गृहीत धरून तिचा उगम सांगतात. ती कोठेतरी दबा धरून बसलेली होती आणि संधी मिळताच बाहेर पडली, असे ते मानतात. त्यांच्या मते बाजार ही संधी होती म्हणून भांडवलशाही आली नाही. इंग्लंडच्या शेतीत बाजार ही सक्ती झाली, खंडाने जमीन कसणाऱ्याला स्पर्धेत टिकल्याशिवाय जमीनच मिळेनाशी झाली, तेव्हा ती घडली. संधी आणि सक्ती हा भेद साहित्याच्या अभ्यासकाला फार उपयोगी आहे. गाव सोडून गिरणीत आलेल्या पात्राला लेखक संधी शोधणारा म्हणून पाहतो की सक्ती झालेला म्हणून, यावर कादंबरीचा सगळा सूर अवलंबून असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘आणली’ म्हणणे म्हणजे काही धूर्त मंडळींनी बसून बेत रचला असे म्हणणे नव्हे. कर्ता शोधणे आणि खलनायक शोधणे यांत फरक आहे. सदरलंडची डचेस नसती तरी दुसऱ्या कोणी ती गावे उठवली असती, असा युक्तिवाद करता येईल. पण म्हणून गावे आपोआप उठली असे होत नाही. रचना आणि कर्तृत्व या दोहोंची एकत्र नोंद घेणारे कथन हवे. ते किती अवघड आहे हे दख्खनच्या उदाहरणावरून कळते.

५

अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, म्हणून पश्चिम हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत सट्टेबाज पेढ्या बुडाल्या आणि खेड्यांत कर्जे तेवढी उरली. १८६७ पासून काही तालुक्यांत जमीनमहसुलाची नवी, चढी आकारणी लागू होऊ लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले. शेतकऱ्यांनी माणसे मारण्यापेक्षा कागद जाळले, ही गोष्ट कोणाही संहितेच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. आपली जमीन कोणत्या लेखनाने गेली हे निरक्षर शेतकऱ्याला नेमके कळले होते.

सरकारने चौकशी आयोग नेमला. महसुलाचा बोजा हे दंग्यांचे कारण होते काय, याचा निर्णय त्याने करावयाचा होता. आयोगाने तसे नसल्याचे सांगून दोष सावकाराकडे दिला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. ही आरंभकथेची आणखी एक तऱ्हा म्हटली पाहिजे. तिच्यात कर्ता आहे, पण एकच आहे, आणि तो सोयीचा आहे. सावकाराच्या हाती कर्जरोखा होता. त्या रोख्याला बळ देणारे न्यायालय आणि रोख रकमेची निकड निर्माण करणारा सारा या कथेतून बाहेर राहिले.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचला म्हणजे त्यातील कथनव्यूहाचे वेगळेपण जाणवते. फुले एका कर्त्यावर थांबत नाहीत. जन्मापासून मृत्यूपर्यंत धार्मिक विधींच्या निमित्ताने शूद्र शेतकऱ्याचे होणारे शोषण, सुस्त गोरे अंमलदार आणि त्यांच्या नावाने कारभार हाकणारे भट कामगार, फंड आणि पट्ट्या, कोर्टकचेऱ्या, सावकार अशी मोठी साखळी ते उभी करतात. ग्रंथाच्या आरंभीच्या प्रसिद्ध ओळींतील कारणपरंपरा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. तिच्यात वित्त शेवटाकडे येते आणि विद्येचा अभाव आरंभी. अर्थशास्त्राची कथा साठ्यापासून सुरू होते. फुल्यांची कथा ज्ञानाच्या मक्तेदारीपासून. रोखा लिहिणारा आणि रोख्यावर अंगठा उठवणारा यांच्यामधील अंतर पैशाचे होण्याआधी अक्षराचे होते, हे त्यांनी ओळखले. सुप्याला जळलेल्या कागदांवरचे याहून समर्पक भाष्य क्वचितच सापडेल.

जंगलखात्याविषयीचे फुल्यांचे विवेचन १८४२ च्या मार्क्सशेजारी ठेवून वाचावे. १८७८ च्या जंगल कायद्याने रानांवरील सरकारी ताबा पक्का झाला होता. डोंगर, दऱ्या, गायराने या खात्याने ताब्यात घेतल्याने गरिबांच्या शेळ्यामेंढ्यांना चरायला जागा उरली नाही, अशी फुल्यांची तक्रार आहे. दोघांना एकमेकांच्या लेखनाचा पत्ता असण्याचे कारण नव्हते. तरी दोघांनीही आरंभ तेथेच पाहिला, जेथे सामाईक ते खाजगी किंवा सरकारी होते आणि कालचा हक्क आज गुन्हा ठरतो. हे साम्य प्रभावाचे नसून अनुभवाचे आहे, म्हणूनच ते अधिक मोलाचे आहे.

आर्यांच्या आक्रमणापासून शेतकऱ्यांच्या दास्याचा इतिहास सांगणारी फुल्यांची मांडणी आजच्या संशोधनाच्या निकषांवर जशीच्या तशी उतरणार नाही. परंतु कथनात ती कोणते काम करते हे पाहिले पाहिजे. शूद्राचे दारिद्र्य हे दैव नव्हे, कृतीचे फळ आहे, हे तिच्यामुळे सांगता येते. शिवाय फुले यंत्रविरोधी किंवा गतकालप्रेमी नव्हते. ते स्वतः कंत्राटदार होते. ग्रंथाच्या अखेरीस ते पाणी जिरवणारे बंधारे, जनावरांची उत्तम पैदास, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांचा आग्रह धरतात. गेलेले दिवस परत यावेत असे त्यांना वाटत नाही, कारण ते दिवस कोणाचे होते हे त्यांना ठाऊक आहे.

६

पोलान्यीची आरंभकथा आपल्याकडे जशीच्या तशी का चालत नाही, हे यावरून स्पष्ट होते. पोलान्यीच्या मते भांडवलशाहीपूर्व अर्थव्यवहार समाजसंबंधांत रुतलेला होता आणि बाजाराने तो तेथून उपटला. पण समाजसंबंधांत रुतलेला अर्थव्यवहार म्हणजे आपल्याकडे काय होते? बलुते होते, वेठबिगार होती, जातीने ठरवून दिलेला धंदा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले. दया पवारांच्या ‘बलुतं’ने (१९७८) तीच व्यवस्था कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने सांगितली. दोन्ही शीर्षके एकाच अर्थव्यवस्थेची आहेत. एकात सगळा गाडा दिसतो, दुसऱ्यात त्यातून पदरात पडलेला वाटा. भांडवलशाहीने गावगाडा मोडला, असे हळहळून लिहिणाऱ्या समीक्षकाने ही हळहळ कोणाची आहे, असे स्वतःला विचारायला हवे. बाजाराविरुद्ध ‘समाज’ आत्मरक्षण करतो म्हणताना, त्या समाजात कोणाचे रक्षण गृहीत धरले आहे, हाही प्रश्न पोलान्यीला विचारावाच लागतो.

दुसऱ्या बाजूने, १८५३ च्या मार्क्सचे भाकितही कसोटीला लावले पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकामाचे खाते अधिक मजुरीचे होते. तेथे कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा आपण हाताळणार नाही, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे असल्याने अस्पृश्यांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८–२९ च्या संपांच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. मामा वरेरकरांनी गिरणी कामगारांच्या जीवनावरील आपल्या कादंबरीला ‘धावता धोटा’ हे नाव दिले होते. तो धोटा कोणाच्या हाती धावत होता आणि कोणाच्या हाती धावू दिला जात नव्हता, हे ध्यानात घेतले की त्या प्रतिमेला इतिहासाचे वजन प्राप्त होते. यंत्र आधुनिक होते, मालक भांडवलदार होता, कामगार वेतनावर होता आणि जात धोट्याच्या छिद्रापर्यंत शाबूत होती. भांडवलाने जात विरघळवली नाही. ती खातेवार वाटून घेतली.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. हे रेल्वेच्या जंक्शनवर, रेल्वे कामगारांपुढे सांगितले गेले, हे महत्त्वाचे आहे. जी रेल्वे जातींचा पाया उखडणार होती तीत अस्पृश्य कामगार रुळांवरच्या टोळीतच जन्म काढीत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. दोन वर्षांपूर्वी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी असल्याचे मांडले होते. मनमाडच्या मांडणीत त्या सूत्राचे राजकीय रूप दिसते. येथे ‘शाही’ हा प्रत्यय दोन्ही शब्दांना लागला आहे, हा केवळ शब्दाचा योगायोग मानू नये. दोन्हींकडे ते मते म्हणून पाहत नाहीत. सत्ता म्हणून पाहतात.

अल्पभूधारणेवरील १९१८ च्या निबंधात आंबेडकरांनी शेतीवरचा अतिरिक्त श्रमिकांचा भार हलवण्यासाठी औद्योगिकीकरणाचा मार्ग सुचवला होता. खेड्याविषयी त्यांना यत्किंचितही मोह नव्हता. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी तो निःसंदिग्धपणे नाकारला. म्हणजे भांडवलशाहीची टीका करण्यासाठी ‘पूर्वीचे बरे होते’ असे म्हणण्याची गरज नाही आणि भूतकाळ नाकारण्यासाठी भांडवलशाहीचे स्वागत करण्याचीही गरज नाही, हे त्यांनी व्यवहारात सिद्ध केले. युरोपीय टीकेच्या परंपरेत ही जागा फारशी भरलेली नव्हती. कार्लाइल आणि रस्किन यांनी नव्या व्यवस्थेचा निषेध करताना जुन्या सामाजिक बंधांचा आधार घेतला. १८५३ च्या मार्क्सने जुन्याचा निषेध करताना नव्याला इतिहासाचे साधन मानले. फुले आणि आंबेडकर यांनी दोन्ही वाटा टाळल्या, कारण दोन्ही वाटांवर त्यांचा माणूस तुडवला जात होता.

७

या विवेचनातून समीक्षेसाठी काय निष्पन्न होते? मराठी साहित्याला भांडवलशाहीच्या संदर्भात वाचण्याचे दोन ठोकळेबाज मार्ग आपल्याकडे रुळले आहेत. ग्रामीण साहित्य वाचताना आपण ‘काय गेले’ याची यादी करतो; कामगारसाहित्य वाचताना ‘काय येणार’ याची. पहिल्यात आरंभापूर्वीची स्थिती निर्दोष मानली जाते, दुसऱ्यात आरंभ अटळ. कर्ता दोन्हींकडे गायब असतो. कोणत्याही कृतीला निव्वळ ‘पार्श्वभूमी’ पुरवणारी समीक्षा म्हणूनच अपुरी पडते. पार्श्वभूमी हालत नाही. रोखे, कायदे, आकारण्या, कुंपणे आणि धोटे हालतात, आणि साहित्यकृतीत ते कोणाच्या हातून हालतात हे पाहणे हे समीक्षेचे काम आहे.

आजच्या काळात या प्रश्नाची निकड वाढली आहे. १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांविषयी आपण पुन्हा ‘जागतिकीकरण आले’ असेच म्हणू लागलो आणि त्या वाक्याची आपल्याला इतकी सवय झाली की १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, या प्रश्नालाही ‘शहर बदलले’ असे अकर्मक उत्तर आपण देतो. त्या जमिनींच्या विक्रीला वाट करून देणारी विकास नियंत्रण नियमावली १९९१ ची होती, तिच्यात २००१ साली बदल झाला आणि त्या बदलाविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००६ साली निकाली निघाला. येथेही कायदे होते, व्याख्या होत्या, स्वाक्षऱ्या होत्या. १८४२ च्या काटक्यांपासून हे फार दूर नाही.

‘आली’ हे क्रियापद वापरूच नये असा नियम करता येणार नाही. भाषा अशा नियमांनी चालत नाही. पण प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते लिहिताना लेखणी क्षणभर थांबावी आणि ‘कोणी आणली, कोणाच्या दारातून, आणि त्या दारामागे आधी काय होते’ हे तीन प्रश्न विचारले जावेत, एवढी अपेक्षा गैर ठरू नये. पहिला प्रश्न मार्क्सने आणि पोलान्यीने शिकवला. तिसरा आपल्याला फुल्यांकडून आणि आंबेडकरांकडून शिकावा लागतो. दुसऱ्याचे उत्तर ज्या त्या कृतीतच शोधावे लागेल.